कूस पालटण्याचे शास्त्र : डोरीन नॉर्टन व वृद्धशुश्रूषेचा इतिहास

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत इतिहास या सदराखाली बहुधा कुलवृत्तांत, ग्रामदेवतांची माहिती अथवा ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात. प्रस्तुत लेखकानेही मागे असे दोन-तीन लेख लिहिले आहेत. या वर्षी मात्र संपादक मंडळाची प्रथमच क्षमा मागून एक निराळा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहे. ज्या स्त्रीची ही हकीकत आहे ती आपल्या ज्ञातीची नव्हे, आपल्या देशाचीही नव्हे. आणि तिचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानी आले असेल. परंतु ज्या घरात कोणी वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळून आहे, त्या प्रत्येक घराशी तिच्या कार्याचा साक्षात् संबंध पोहोचतो. आणि असे एखादेही घर नाही, असा गाव आपल्या ज्ञातीच्या पसाऱ्यात मला तरी ठाऊक नाही.

त्या स्त्रीचे नाव डोरीन नॉर्टन. ही इंग्लंडातील एक परिचारिका. सन १९२२ मध्ये जन्मली, २००७ मध्ये निवर्तली. तिने कोणतेही नवे औषध शोधून काढले नाही, की एखादी अवघड शस्त्रक्रिया केली नाही. निजलेल्या म्हाताऱ्या माणसाची कूस वेळच्या वेळी पालटावी, ही गोष्ट तिने पुराव्यानिशी सिद्ध करून दाखविली. ‘एवढेच ना?’ असे वाचक म्हणतील. मीही एके काळी तसेच म्हटले असते. परंतु ‘एवढेच’ सिद्ध होण्यास जगाला किती काळ लागला, आणि ते ठाऊक नसल्यामुळे किती माणसे हकनाक मेली, हे कळल्यावर माझा सूर पालटला.

प्रथम रोगाचे स्वरूप सांगणे अवश्य आहे. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीस, माकडहाडापाशी, कमरेच्या दोन्ही बाजूंस, टाचांस व कोपरांस ज्या जखमा होतात, त्यांस शय्याव्रण म्हणतात. आपल्या घरांतून ‘पाठ लागली’ अथवा ‘पाठीला जखम झाली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हाड व गादी यांच्यामध्ये मांस चेपले जाते, तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोहोचेनासे होते आणि तो भाग जिवंतपणीच मरू लागतो. हा नाश पुष्कळदा आत, हाडालगत सुरू झालेला असतो. वरच्या कातडीवर केवळ एक तांबूस डाग दिसतो. घरच्या माणसांस तो डाग क्षुल्लक वाटतो. पुढे कातडी फुटते, जखम खोल जाते, तीत पू होतो आणि रक्तात विष भिनून माणूस दगावतो. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस पालटीत असतो, म्हणून त्यास ही व्याधी होत नाही. ज्याच्या अंगी ती नकळत होणारी हालचाल उरली नाही, त्याच्यासाठी ती दुसऱ्या कोणी करावी लागते. शय्याव्रणाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले.

परंतु हे वाक्य विद्वानांस सहजासहजी मान्य झाले नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिस येथील साल्पेत्रियेर रुग्णालयात शार्को नावाचे मज्जासंस्थेचे विख्यात धन्वंतरी होते. मेंदू अथवा पृष्ठरज्जू यांस इजा झाली की अशा जखमा मज्जातंतूंच्या बिघाडामुळेच उत्पन्न होतात, असे त्यांचे मत होते. या मताचा परिणाम असा की, जे अटळ त्यावर उपाय तरी कोणता, अशी धारणा बळावली. उलटपक्षी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने सन १८५९ मध्ये शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यात असा अभिप्राय दिला की, रोग्यास शय्याव्रण झाला तर तो दोष सामान्यतः रोगाचा नसून शुश्रूषेचा समजावा. एकीकडे दैववाद, दुसरीकडे कर्तव्यबुद्धी! नाइटिंगेलचे म्हणणे खरे होते. परंतु ते अनुभवाचे बोल होते, मोजमाप करून सिद्ध केलेले नव्हते. आणि त्यात एक अडचणही होती. जखम म्हणजे परिचारिकेचा हलगर्जीपणा, असे समीकरण झाल्यामुळे जखम लपविण्याकडे प्रवृत्ती होऊ लागली. जखम का होते याचा विचार मात्र मागे पडला.

दरम्यान इंग्लंडातील निराधार वृद्धांची स्थिती कशी होती? तेथे सन १८३४ च्या कायद्यान्वये गरिबांसाठी ‘वर्कहाऊस’ म्हणून गृहे उभी राहिली होती, आणि त्यांस जोडून दुखणेकऱ्यांचे वॉर्ड असत. या वॉर्डांत वृद्ध माणसे वर्षानुवर्षे खाटेवर पडून राहात. सन १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या अशाच एका संस्थेचा कारभार हाती घेतला, तेव्हा मार्जरी वॉरेन या स्त्रीडॉक्टरकडे एकदम ७१४ रोगी आले. पुष्कळांना नेमका कोणता रोग आहे याचे निदानच कोणी केलेले नव्हते. वॉरेनबाईंनी एकेकास तपासले, वर्गवारी केली, उठविता येण्याजोग्यांस उठविले, चालविता येण्याजोग्यांस चालविले. आणि अनेक वर्षे खाटेवर काढलेली कित्येक माणसे स्वतःच्या पायांनी घरी गेली. सन १९४३ व १९४६ मध्ये त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहून आग्रहाने प्रतिपादन केले की, वार्धक्य हा काही रोग नव्हे, आणि वृद्धांच्या चिकित्सेची स्वतंत्र शाखा असली पाहिजे. सन १९६० मध्ये या कर्तृत्ववान विदुषीचा अपघाती मृत्यू झाला.

याच सुमारास दुसऱ्या एका ठिकाणी कूस पालटण्याचे महत्त्व रणांगणावरील तरुणांच्या निमित्ताने पुढे आले. लुडविग गुटमान हे जर्मनीतील ज्यू डॉक्टर हिटलरच्या छळामुळे सन १९३९ मध्ये इंग्लंडास आले. सन १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे, पाठीच्या कण्यास गोळी लागून पांगळ्या झालेल्या सैनिकांसाठी, त्यांच्या देखरेखीखाली एक विभाग उघडण्यात आला. तोपर्यंत अशा सैनिकाचे आयुष्य फार तर महिन्यांत मोजीत; पाठीच्या जखमा व मूत्रमार्गाचा दाह यांनीच त्यांचा अंत होई. गुटमान यांनी दर दोन तासांनी, दिवसा व रात्री, रोग्याची कूस बदललीच पाहिजे असा दंडक घातला, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास ते स्वतः रात्री वॉर्डात येऊन उभे राहात. रोगी जगू लागले. इतकेच नव्हे तर खेळू लागले. सन १९४८ मध्ये तेथे त्यांच्या क्रीडास्पर्धा भरल्या. आज ज्यांस पॅरालिंपिक म्हणतात, त्यांचे मूळ हेच. सांगली जिल्ह्यातील आपले मुरलीकांत पेटकर, जे १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले होते, त्यांनी सन १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील अशाच स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, हे वाचकांस विदित असेलच. त्या पदकामागील परंपरेच्या मुळाशी दोन-दोन तासांनी कूस पालटणारे कोणा परिचारिकांचे हात होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता डोरीन नॉर्टनकडे वळू. सन १९४८ च्या ५ जुलै रोजी इंग्लंडात राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि वर्कहाऊसांतील वृद्ध आता रुग्णालयांचे रोगी ठरले. त्यांची शुश्रूषा हे परिचारिकांच्या जगात हलके काम समजले जाई. हुशार परिचारिकेने शस्त्रक्रियागृहात जावे, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात कोणी जावे? अशा काळात नॉर्टनबाईंनी हाच विषय आपल्या अभ्यासासाठी निवडला. वृद्धांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या एका राष्ट्रीय संस्थेच्या आश्रयाने, ऱ्होडा मॅक्लॅरेन ही दुसरी परिचारिका व एक्स्टन-स्मिथ हे वृद्धचिकित्सेचे डॉक्टर यांच्या सहकार्याने, त्यांनी रुग्णालयातील वृद्धशुश्रूषेच्या अडचणींचे संशोधन केले. त्याचा वृत्तांत सन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेने परिचारिकेच्या कामाविषयी प्रश्न विचारावा, आकडे जमवावेत आणि निष्कर्ष काढावा, ही गोष्ट त्या वेळी जवळजवळ नवलाचीच होती.

त्यापूर्वी एकच वर्ष, सन १९६१ मध्ये, एक्स्टन-स्मिथ व शेरविन यांनी एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खाटेस उपकरण जोडून वृद्ध रोगी रात्री झोपेत आपणहून किती वेळा हालतो याची त्यांनी नोंद ठेवली. जे रोगी रात्रीत पन्नासांहून अधिक वेळा हालले त्यांपैकी कोणासही शय्याव्रण झाला नाही; जे वीस अथवा त्याहून कमी वेळा हालले त्यांपैकी दहांतील नऊ जणांस तो झाला. निद्रेतील साध्या चाळवाचाळवीत माणसाचे केवढे संरक्षण दडलेले असते, हे यावरून ध्यानी यावे.

नॉर्टनबाईंपुढे जो पेच होता तो असा. प्रत्येक वॉर्डात पाठीस काही ना काही चोळण्याची वहिवाट होती. कोणी स्पिरिट, कोणी साबण व पाणी, कोणी मलम, कोणी पावडर. प्रत्येकीस आपलाच उपाय गुणकारी वाटे. कोणता खरोखर गुणकारी हे ठरवावयाचे, तर सारखे रोगी सारख्यांशी तोलून पाहावयास हवेत. नाही तर धडधाकट माणसास लावलेले मलम जिंकणार आणि मरणोन्मुखास लावलेले हरणार! म्हणून त्यांनी रोग्यास गुण देण्याची एक रीत बसविली. आम्हां शिक्षकांस ती चटकन पटावी अशीच आहे. कारण ती एक पाच विषयांची परीक्षाच होय. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालण्याफिरण्याची शक्ती, अंग हलविण्याची शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा, असे पाच विषय. प्रत्येकास जास्तीत जास्त ४ गुण व कमीत कमी १. एकूण गुण २०, नीचांक ५. ज्यास १४ अथवा त्याहून कमी गुण मिळतील त्यास धोका आहे असे समजावे. पुढील काळात ही सीमा थोडी वर नेऊन १६ पर्यंतच्या रोग्यांसही जपावे, असे मत रूढ झाले.

संशोधनाचे फळ तीन प्रकारचे निघाले. पहिले असे की, गुण जितके कमी तितके शय्याव्रणाचे प्रमाण अधिक, हा मेळ स्पष्ट दिसला. म्हणजे जे साधन केवळ रोग्यांची तुलना करण्यासाठी घडविले, तेच भविष्य वर्तविण्याचे साधन ठरले. दुसरे असे की, बहुतेक जखमा रुग्णालयात आल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांतच होतात. म्हणून जपणूक पहिल्या दिवसापासून केली पाहिजे. आणि तिसरे व सर्वांत महत्त्वाचे असे की, चोळण्याच्या द्रव्यांचा व्रण टाळण्यास म्हणण्यासारखा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो दाब काढून घेण्याचा, म्हणजेच नियमाने कूस पालटण्याचा. नाइटिंगेलबाईंच्या अनुभवाच्या बोलास एका शतकानंतर आकड्यांचे बळ मिळाले. आणि त्याच वेळी परिचारिकेवरील निव्वळ दोषारोपही संपला. कोणास धोका आहे हे आधी कळू लागल्यावर ‘कोण चुकले?’ या प्रश्नाऐवजी ‘कोणास जपावयाचे?’ हा प्रश्न विचारता येऊ लागला.

येथे लेखकास स्वतःची एक हकीकत सांगावीशी वाटते. ती भूषणावह नाही, तरीही सांगतो.

सन २००९ मध्ये माझ्या मातोश्रींस पक्षाघात झाला. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. एका रुग्णालयात अठरा दिवस काढून आम्ही त्यांस घरी आणले. येताना ‘पाठीकडे लक्ष ठेवा’ एवढेच सांगण्यात आले. लक्ष ठेवावयाचे म्हणजे काय करावयाचे, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. आमच्या घरात सेवेस कमतरता नव्हती. माझी पत्नी रोज दोन वेळा त्यांची पाठ स्पिरिटने चोळी, वर पावडर लावी. माकडहाडापाशी लाली दिसली, तेव्हा आम्ही अधिक जोराने चोळले. मी बाजारातून रबराची हवा भरावयाची चकती आणली आणि तिच्यावर आईस निजविले. रात्री ‘बाईंची झोप मोडू नये’ म्हणून आम्ही सारे चवड्यांवर चालत असू, आणि दहा वाजता जशा निजविल्या तशाच त्या पहाटे पाचपर्यंत उताण्या असत. बाराव्या दिवशी कातडी फुटली.

आता पुढची गोष्ट. आमच्या ज्ञातीतील एक मुलगी सातवीत माझ्या वर्गात होती. गणितात व विज्ञानात तिचा हात धरणारे वर्गात कोणी नव्हते. बारावीचा निकाल लागल्यावर ती पेढे घेऊन पाया पडण्यास आली आणि म्हणाली, “गुरुजी, मी नर्सिंगला जाणार आहे. बाबा नको म्हणतात. तुम्ही सांगितलेत तर ऐकतील.” मी तिच्या वडिलांस सांगितले नाही. उलट तिलाच म्हणालो, “बाळ, तुझ्यासारख्या हुशार मुलीने दुसऱ्यांची घाण काढण्यास का जावे? तू शिक्षिका हो.” ती काही बोलली नाही. पेढ्यांचा पुडा ठेवून गेली. पुढे कोणाचेही न ऐकता ती त्या शिक्षणास गेली, एवढे कानी आले होते.

मातोश्रींची जखम ऐकून तीच मुलगी, आता मोठ्या शहरातील रुग्णालयात नोकरीस असलेली, सुटीत गावी आली असता आपणहून आमच्या घरी आली. तिने आईची पाठ पाहिली. “काकू, स्पिरिट बंद करा,” असे प्रथम म्हणाली. लाल झालेल्या जागी चोळल्याने आतील नाजूक मांस अधिकच फाटते, आणि चकतीमुळे जखमेभोवतीच्या कडेवर दाब पडून रक्त आणखी अडते, हे तिने समजावून सांगितले. तिने एक कागद घेतला, पाच विषय लिहिले, आणि मला म्हणाली, “गुरुजी, गुण तुम्हीच द्या.” मी दिले. शारीरिक स्थितीस २, मानसिक स्थितीस ३, चालण्यास १, अंग हलविण्यास २, मलमूत्राच्या ताब्यास २. बेरीज १०. पस्तीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या या हाताने तो कागद पाहिला आणि जी परीक्षा नापास झाली होती ती आईची नव्हती, हे मला समजले.

तिने आम्हांस दोन तासांचे वेळापत्रक करून दिले : डावी कूस, उताणे, उजवी कूस, पूर्ण कुशीवर न निजविता पाठीमागे उशी देऊन किंचित कलते ठेवावयाचे, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी, चादर ओढून सरकवावयाचे नाही, दोघांनी मिळून उचलावयाचे, कपडे ओले होताच बदलावयाचे, आणि खाण्यात डाळ, दूध, अंडे यांची वाढ. त्या कागदावर कोपऱ्यात ‘नॉर्टन’ असा एक शब्द होता. तो माणसाच्या नावाचा आहे हे मला ठाऊक नव्हते. मी तिला विचारले, आणि या लेखाचा उगम तेथे झाला. आईची जखम सावकाश भरू लागली. परंतु शरीर थकले होते. पाच महिन्यांनी त्या गेल्या. अखेरच्या दिवसांत त्यांस पाठीची वेदना नव्हती, हे समाधान त्या मुलीने आम्हांस दिले.

असो. इतिहासाकडे परत येऊ. नॉर्टनबाईंचे कार्य १९६२ मध्ये संपले नाही. रुग्णालयातील खाटा, उपकरणे व सामग्री शुश्रूषेच्या दृष्टीने सोयीची आहे की नाही, या विषयाचा त्यांनी पुढे दीर्घकाळ अभ्यास केला. खाट फार उंच असली तर म्हातारा माणूस आपणहून उतरू शकत नाही आणि कायमचा परावलंबी होतो. ही बाब सुताराची वाटते, पण आहे शुश्रूषेची. पुढे अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने त्यांस वृद्धशुश्रूषा या विषयाच्या प्राध्यापकपदाचा मान दिला. ज्या कामास हलके समजत त्या कामाच्या ज्ञानावर विद्यापीठात आसन निर्माण व्हावे, हा पालट लहान नव्हे.

हा मार्ग अर्थात् एकट्या त्यांनी घडविला नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात अॅडलेड नटिंग ही सन १९०७ मध्ये प्राध्यापिका झाली. परिचारिकेस असे पद मिळण्याचा जगातील तो पहिला प्रसंग. ब्रिटनमध्ये मात्र यास फार विलंब लागला. एडिंबरो विद्यापीठात सन १९५६ मध्ये परिचर्याविषयक अभ्यासाचा विभाग एल्सी स्टीफन्सन हिच्या नेतृत्वाखाली उघडला, आणि त्या देशातील परिचर्येचे पहिले प्राध्यापकपद तेथेच १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत मार्गारेट स्कॉट राइट हिच्याकडे आले. नॉर्टनच्या गुणतक्त्यापासून स्फूर्ती घेऊन इतरांनीही तक्ते रचले : इंग्लंडात ज्युडी वॉटर्लो हिने १९८५ मध्ये आणि अमेरिकेत बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये. आज अनेक रुग्णालयांत ब्रेडन यांचा तक्ता वापरतात. दर दोन तासांचा नियमही आता आंधळेपणाने न पाळता रोग्याची स्थिती व गादीचा प्रकार पाहून ठरवावा, असे तज्ज्ञ सांगतात. ज्ञान पुढे गेले. पण वाट ज्यांनी पाडली ते विसरता कामा नयेत.

आपल्या देशातही या विद्येची परंपरा नाही असे नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सन १९०९ मध्ये पुण्यास सेवासदन सुरू झाले, आणि त्या संस्थेने पांढरपेशा घरांतील स्त्रियांस, विशेषतः विधवांस, परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविण्याचे धाडस केले. त्या काळी लोकांनी नाके मुरडली. परजातीच्या रोग्यास शिवावे लागेल, रात्री घराबाहेर राहावे लागेल, हे आक्षेप होते. सन १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५९ मध्ये दिल्लीस पदव्युत्तर शिक्षणाची सोय झाली. आणि १९६४ मध्ये मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने परिचर्येचे महाविद्यालय काढले. वृद्धचिकित्सेच्या क्षेत्रात मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये आरंभ केला. म्हणजे दारे केव्हाच उघडली आहेत. आपण आत जाण्यास कचरतो, इतकेच.

आणि गरज किती आहे? सन २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. सन २००७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला, २०१० पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. परंतु कायदा अन्न देववील, कूस पालटण्यास येणार नाही. आपल्या ज्ञातीत मुले पुण्या-मुंबईस, काही परदेशी. गावच्या घरात दोघे म्हातारे, असे चित्र सर्वत्र आहे. ‘आमच्याकडे आईबापांस वृद्धाश्रमात ठेवीत नाहीत’ असे आपण अभिमानाने म्हणतो. अभिमान योग्य आहे. पण घरी ठेवणे म्हणजे शुश्रूषा नव्हे. आमच्या घरी प्रेम होते, पैसा होता, माणसे होती, ज्ञान नव्हते. ज्ञानावाचून केलेल्या सेवेने माझ्या आईची पाठ फुटली.

म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीस दोन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. दर वर्षी आपण वैद्यकी व अभियांत्रिकीस जाणाऱ्या मुलामुलींचा नारळ व शाल देऊन सत्कार करतो, छात्रवृत्ती देतो. परिचर्येच्या शिक्षणास जाणाऱ्या मुलीस, आणि मुलासही, तितक्याच रकमेची छात्रवृत्ती त्याच व्यासपीठावर द्यावी. मातोश्रींच्या नावे त्यासाठी यथाशक्ति देणगी मी कोषाध्यक्षांकडे सुपूर्त केली आहे. दुसरी सूचना अशी की, वार्षिक संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी पाककृतींच्या स्पर्धेनंतर एक तास राखून ठेवावा आणि ज्ञातीतील शिकलेल्या परिचारिकेकडून, अंथरुणावरील माणसास उचलावे कसे, कुशीवर वळवावे कसे, लाल डाग बोटाने दाबून पाहावा कसा, हे सर्वांस प्रत्यक्ष दाखवावे. बोट दाबून उचलल्यावर डाग क्षणभर पांढरा न होता लालच राहिला, तर धोका सुरू झाला असे समजावे. सावळ्या वर्णाच्या अंगावर हा फरक नजरेस येत नाही. तेथे भोवतालच्या कातडीपेक्षा ती जागा ऊन, थंड, कडक किंवा भुसभुशीत लागते काय, हे हाताने चाचपून पाहावे. एवढे ज्यास कळले त्याने एका माणसाचे प्राण वाचविले असे होऊ शकते.

राहता राहिली माझी ती विद्यार्थिनी. तिची परवानगी नसल्याने नाव देत नाही. तिने पुढे पदव्युत्तर शिक्षण पुरे केले असून सध्या ती परिचर्या महाविद्यालयात शिकविते. म्हणजे मी म्हटल्याप्रमाणे अखेर ती शिक्षिका झालीच, पण माझ्याहून किती तरी मोठ्या शाळेत! गेल्या दिवाळीत ती भेटीस आली, तेव्हा त्या जुन्या दिवसाची मी तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, “गुरुजी, तेव्हा सगळेच तसे म्हणत होते.” खरे आहे, सगळेच तसे म्हणत होते. पुढील पिढीतील एखादी मुलगी पेढे घेऊन आपल्या दारी येईल, तेव्हा आपण तसे म्हणू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. ज्ञातिबंधुभगिनींनी गोड मानून घ्यावा, ही विनंती.